सरासरीत न मावणारा वारा

हवामानाच्या फाइलमध्ये समुद्रातल्या एका बिंदूवर वाऱ्याचा बाण दिसतो. त्याच्या शेपटीला दोन रेघा असतात, एक पूर्ण आणि एक अर्धी. पूर्ण रेघ म्हणजे १० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), अर्धी म्हणजे ५ आणि त्रिकोणी झेंडा दिसला तर ५०. म्हणजे इथे वारा १५ नॉट. शिडाच्या बोटीला याहून सुखाचं काय असतं! पाहणाऱ्याला वाटतं की परवा दुपारी आपण तिथे पोचू तेव्हा १५ नॉट वारा मिळणार. पण तो बाण एवढं वचन देत नाही. समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवर, साधारण २५ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात, काही मिनिटांची सरासरी धरली तर वारा १५ नॉटच्या आसपास असावा, एवढंच तो सांगतो. त्या चौकोनात कुठे ८ असेल, कुठे २२.

किनारा सोडून अनेक दिवस उघड्या समुद्रात राहायचं असतं तेव्हा हवामानाचा अंदाज मिळवणं हे अर्धंच काम. हल्ली तर ते सोपं अर्धं. उरलेलं अर्धं काम म्हणजे हातात आलेला प्रत्येक आकडा ही कशाची सरासरी आहे, हे विचारणं. वाऱ्याचा आकडा ही सरासरी, लाटेची उंची ही सरासरी, चौकोन ही जागेची सरासरी, तीन तासांचा टप्पा ही वेळेची. बोटीवर मात्र सरासरी कधीच येऊन आदळत नाही. येतो तो एक झोत, एक लाट.

वाऱ्यापासूनच सुरुवात करते. उघड्या समुद्रावर झोत सरासरीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त असू शकतो. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं आपल्या सागरी अंदाजांबरोबर हे वाक्य कायम छापतं. ४० टक्के ऐकायला फार वाटत नाही, २० चे २८ झाले, बस. पण शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.४ चा वर्ग १.९६. म्हणजे वेग दीडपटही झालेला नसतो आणि शिडावरचा, डोलकाठीवरचा, दोरांवरचा भार जवळजवळ दुप्पट झालेला असतो. म्हणून किती शीड ठेवायचं हे मी बाणाकडे बघून ठरवत नाही. झोताचा आकडा वेगळा मागवता येतो, तो मागवते; नसेल तर मनातल्या मनात ४० टक्के चढवते आणि मग शीड किती आखडायचं ते बघते.

ही फार महाग पडलेली शिकवण आहे. २६ डिसेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ११५ बोटी निघाल्या. शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात हवामान खात्याने इशारा वाढवून ‘स्टॉर्म’ या पातळीवर नेला. पुढे बास सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या टोकाशी जे झालं त्यात ६ खलाशी गेले, ५ बोटी बुडाल्या, ५५ जणांना वाचवावं लागलं. होबार्टला ४४ बोटी पोचल्या. नंतरच्या मृत्युचौकशीत जी गोष्ट पुढे आली ती मला कधीही विसरता येत नाही. इशारा बोटींपर्यंत पोचला होता. पण त्यातला वाऱ्याचा आकडा सरासरीचा आहे आणि झोत त्याच्या कितीतरी वर जातील, हे अनुभवी म्हणवणाऱ्या अनेकांनाही माहीत नव्हतं. ज्याला त्यांनी कमाल मर्यादा समजलं, तो मधला आकडा होता. अंदाजात झोतांचा कमाल वेग आणि लाटांची उंची स्पष्ट द्यावी, अशी शिफारस त्या चौकशीने केली. माहिती हातात असताना माणसं गेली, म्हणून हा प्रसंग मला इतर सगळ्या वादळकथांपेक्षा जवळचा आणि जास्त दुखरा वाटतो.

लाटांचा आकडा याहून फसवा. फाइलमध्ये ‘सिग्निफिकंट’ उंची दिलेली असते, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ३ मीटर लिहिलं असेल तर बऱ्याच लाटा त्याहून लहान असतात. पण काही तास त्याच समुद्रात राहिलात तर एखादी दुपटीच्या जवळ जाणारी, सहा मीटरची, भेटणारच हे धरून चालावं. ती वाईट नशिबाने येत नाही. त्या समुद्राच्या हिशेबातच ती असते.

तरी उंचीपेक्षा मला दोन लाटांमधल्या वेळाची काळजी जास्त असते. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायचं सोपं सूत्र आहे: सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६, उत्तर मीटरमध्ये. ३ मीटरची लाट १२ सेकंदांनी येत असेल तर तिची लांबी सुमारे २२५ मीटर. एवढ्या लांब उतारावर बोट शांतपणे चढते आणि उतरते. पाणी उकळताना भांडं धरून ठेवावं लागत नाही. तीच ३ मीटरची लाट ६ सेकंदांनी आली तर लांबी ५६ मीटर. उंची तीच, पण चढ चौपट. माथे फुटायला लागतात, बोटीचं नाक पाण्यात घुसतं आणि तिसऱ्या तासाला सगळे गप्प झालेले असतात. ॲपच्या रंगीत नकाशावर मात्र हे दोन्ही समुद्र एकाच निळ्या छटेत दिसतात. तो रंग बघून ‘लाटा ठीक आहेत’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही, मी आधी सेकंद विचारते.

त्यातही एक आकडा दोन समुद्र लपवू शकतो. दूरच्या वादळातून आलेली २ मीटरची लांब लाट आणि इथल्या वाऱ्याने उठवलेली दुसऱ्या दिशेची २ मीटरची लाट, यांची एकत्रित उंची चार होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की २.८ येते. २.८ वाचून काही वाटत नाही. पण आडव्या-उभ्या लाटांचा तो समुद्र बोटीला सुकाणूवर टिकू देत नाही. म्हणून जिथे मिळतं तिथे दोन्ही लाटांची उंची, दिशा आणि सेकंद वेगवेगळे मागवावेत. आणि वाट गल्फ स्ट्रीम किंवा अगुल्हाससारख्या जोरकस प्रवाहातून जात असेल तर वारा प्रवाहाच्या विरुद्ध फिरण्याचे तास वेगळे काढून ठेवावेत. अगुल्हास प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे वाहतो. समोरून नैर्ऋत्येचा जोराचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रवाहाचा काठ इतका अरुंद असतो की मोठ्या चौकोनाच्या जाळीत तो पुसला जातो.

वेळेची सरासरी त्यामानाने कमी लोकांच्या लक्षात येते. दक्षिण गोलार्धात शीत आघाडी, म्हणजे थंड हवेचा पुढे सरकणारा काठ, जाताना वायव्येचा वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येला उडी मारतो. समजा फाइलमध्ये तीन-तीन तासांचे टप्पे आहेत. एका टप्प्यावर वायव्येचा २५ नॉट, पुढच्यावर नैर्ऋत्येचा २५. मधल्या वेळेचं चित्र काढताना सॉफ्टवेअर दोन्ही बाणांची सरासरी घेऊ शकतं, आणि तशी घेतली की उत्तर येतं पश्चिमेचा जेमतेम १८ नॉट. म्हणजे वारा फिरण्याच्या, शीड एका बाजूवरून दुसरीकडे आपटण्याच्या, नेमक्या त्या तासाला पडद्यावर वारा पडलेला दिसतो. असं पाहिलं की तिथे आघाडी आहे हे ओळखायचं आणि त्याच्या आधीच शीड लहान करून ठेवायचं.

फाइल मिळवण्याची पद्धत माझ्या डोळ्यांदेखत बदलली. ग्रिब हे त्या फाइलींच्या स्वरूपाचं नाव, जागतिक हवामान संघटनेने ठरवलेलं. पूर्वी समुद्रावरून सेलडॉक्ससारख्या सेवेला एका ओळीचा ईमेल पाठवायचा. त्या ओळीत कोणतं मॉडेल (हवामानाचं गणित मांडणारा संगणकी कार्यक्रम), पट्ट्याच्या चार बाजूंचे अक्षांश-रेखांश, जाळी किती अंशांची, किती-किती तासांनी आणि कोणत्या गोष्टी हव्यात, म्हणजे वारा, दाब, लाटा. थोड्या वेळाने फाइल उत्तराला जोडून येई. उपग्रह फोनवर सेकंदाला २४०० बिट उतरत. २० किलोबाइटची फाइल कागदावरच्या हिशेबाने मिनिटभराची, आणि मध्येच संपर्क तुटला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून काय मागायचं याचा विचार करावा लागे. २० अंश बाय २० अंशांचा पट्टा एका अंशाच्या जाळीने मागितला तर ४४१ बिंदू. जाळी अर्ध्या अंशाची केली तर १६८१. पट्टा मोठा हवा की जाळी बारीक, असा तो प्रश्न असे. माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आज भरपूर इंटरनेट असतानाही तेच आहे: पट्टा मोठा घ्यावा. आपल्या बोटीवर पुढच्या आठवड्यात येणारा वारा आज हजार मैलांवर तयार होत असतो. तो नकाशात दिसलाच नाही तर बारीक जाळी घेऊन काय करायचं?

ज्या कप्तानांबरोबर मी सर्वाधिक शिकले, त्यांची एक सवय होती. फाइल उघडली की ते आधी बाण बंद करायला लावायचे.

“आता नुसता दाब लाव. चार-चार मिलिबारच्या रेषा. वारा कुठे जोरात आहे सांग.”

समान दाबाच्या रेषा जिथे दाटलेल्या असत तिथे मी बोट ठेवत असे. मग ते दुसरी तशीच दाट जागा दाखवायचे, विषुववृत्ताच्या जवळची. “इथे?” रेषांमधलं अंतर सारखंच होतं, म्हणून मी सारखाच वारा म्हणाले. “नाही. ३० अंशांवर तेवढ्याच अंतराला ६० अंशांपेक्षा पावणेदोनपट वारा धर. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम खाली कमी होतो.” मग कागद. मोठ्या समुद्रांसाठी निघणाऱ्या हवामान बुलेटिनचा मजकूर ते वाचायचे आणि मी नकाशावर पेन्सिलीने कमी दाबाचं केंद्र ठेवायचे, त्याची दिशा आणि वेग बाणाने दाखवायचे, ‘केंद्राच्या दक्षिणेला ३०० मैलांपर्यंत ३५ ते ४५ नॉट’ अशा धर्तीचं वाक्य आलं की डिव्हायडर ३०० मैलांवर उघडून अर्धवर्तुळ काढायचे. २४ तासांनंतरचं दुसरं, ४८ नंतरचं तिसरं. त्यांच्यामधून आमच्या बोटीची वाट. अर्धवर्तुळ वाटेला कुठे शिवतं ते उघड दिसायचं.

ही बुलेटिनं आजही निघतात आणि ती वाचणारे कमी होत चाललेत याचं मला वाईट वाटतं. जगातले समुद्र त्यासाठी २१ विभागांत वाटलेले आहेत. प्रत्येक विभागाचा अंदाज देण्याची जबाबदारी ठरलेली आहे. उपग्रहावरून ती येतात, किनाऱ्यालगत ५१८ किलोहर्ट्झवर नॅव्हटेक्स या रेडिओवरून मजकूर घेणाऱ्या यंत्रात उमटतात. त्यांच्यामागे एक माणूस बसलेला असतो. त्याने अनेक मॉडेलं पाहिलेली असतात, जहाजांकडून आणि समुद्रात तरंगणाऱ्या बोयांकडून आलेले खरे आकडे पाहिलेले असतात, आणि मॉडेल कुठे नेहमी कमी सांगतं हेही त्याला माहीत असतं. कच्च्या ग्रिब फाइलीवर कुणाचाच हात फिरलेला नसतो. दोन्हींचा मेळ बसला नाही तर मी बुलेटिनच्या बाजूने असते.

किती दिवसांपर्यंत विश्वास ठेवायचा? बोट सरासरी ५ नॉटने चालली तर दिवसाला १२० मैल. दीड हजार मैलांना बारा-तेरा दिवस. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दर सहा तासांनी नवं निघतं आणि १६ दिवसांपर्यंत बाण दाखवतं, म्हणजे अख्खी सफर पडद्यावर मावते. पण सोळाव्या दिवसाचा बाण दुसऱ्या दिवसाच्या बाणाइतकाच ठळक काढलेला असतो, हीच अडचण. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ दिलं आणि काही काळाने त्यांचं कृत्रिम हवामान पार वेगळं निघालं. समुद्रावर तर मुळात मोजमापंच विरळ. मी पहिले तीन दिवस आकड्यांसाठी वाचते, पाचव्यापर्यंत ढोबळ वारा, त्यानंतर फक्त मोठे उच्च आणि कमी दाब कुठे सरकतायत ते. त्याहून पुढच्या दिवसांसाठी पायलट चार्ट. अमेरिकी नौदलाचे अधिकारी मॅथ्यू मॉरी यांनी जहाजांच्या जुन्या नोंदवह्या पिंजून १८४७ मध्ये वारे आणि प्रवाहांचे नकाशे काढायला सुरुवात केली, त्यांचे हे वारस. कोणत्या महिन्यात कुठून वारा येतो, किती टक्के वेळा वादळी असतो, हे त्यात पंचांगासारखं मांडलेलं असतं. तीही सरासरीच, पण आपण सरासरी आहोत हे ती लपवत नाही.

पाचव्या दिवसानंतर खरा उपयोग होतो तो अनेक अंदाजांच्या संचाचा. युरोपीय हवामान अंदाज केंद्र, ईसीएमडब्ल्यूएफ, सुरुवातीची स्थिती किंचित-किंचित बदलून एकाच वेळी ५१ अंदाज काढतं. ते ५१ मार्ग जवळजवळ राहिले तर हवामान सरळ आहे. पाचव्या दिवशी पंख्यासारखे पसरले तर तिथे अजून काहीच ठरलेलं नाही. बहुतेक ठिकाणी या ५१ची सरासरी सुबक रेषेत काढून दाखवतात, आणि मला नको असते ती नेमकी तीच. पंचवीस अंदाज कमी दाब उत्तरेला नेतायत, सव्वीस दक्षिणेला, तर सरासरी त्याला मधोमध उथळ करून ठेवते, जिथे एकही अंदाज त्याला नेत नाही.

उष्णकटिबंधातल्या वादळांसाठी खलाशांचा १-२-३ नियम याच कारणासाठी मला आवडतो. पहिल्या दिवशीच्या अंदाजित जागेभोवती ३४ नॉट वाऱ्याचं जे वर्तुळ असेल त्यात १०० मैल वाढवायचे, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्या दिवशी ३००, आणि त्या सगळ्या आवाराच्या बाहेर राहायचं. चुकीची शक्यता मैलांत मोजून नकाशावर काढलेली. ५ नॉटने जाणारी बोट २५ नॉटने येणाऱ्या वादळापासून पळू शकत नाही. ती फक्त आधीच दुसरीकडे असू शकते.

समुद्रावर निघाल्यानंतर बोटीवरचं बॅरोमीटर मला कोणत्याही फाइलीइतकं मोलाचं वाटतं. दर तासाला वाचायचं, नोंदवहीत लिहायचं आणि शेजारी त्या तासाचा फाइलमधला दाब लिहायचा. उष्णकटिबंधात दाब दिवसातून दोनदा वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. ही लय दिवसेंदिवस इतकी नेमाने चालते की ती मोडली तर आकाश स्वच्छ असलं तरी सावध व्हावं. एकदा माझ्या पहाऱ्यात, अंधार पडायच्या आधी, दोन स्तंभ एकमेकांपासून दूर जाऊ लागले. फाइल म्हणत होती १००९, आमचा काटा १००६ वर, आणि फरक तासातासाला वाढत होता. वारा अजून अंदाजाइतकाच होता. मी कप्तानांना उठवलं. त्यांनी काटा बघितला, नोंदवही बघितली, आणि म्हणाले, “कमी दाब पुढे आलाय. फाइल सहा तास मागे आहे.” उजेड होता तोवर आम्ही शीड आखडलं, झडपा बंद केल्या, थर्मासमध्ये गरम पाणी भरलं. फाइलमध्ये जो वारा पहाटेसाठी लिहिला होता तो मध्यरात्रीच्या आधी आला. जोर अंदाजाएवढाच होता. चुकला होता तो फक्त वेळ.

अटलांटिकवर अनेक वर्षं हेच काम एक माणूस शेकडो बोटींसाठी करत होता. कॅनडातल्या आपल्या घरातून हर्ब हिल्गनबर्ग रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर यायचे, एकेका बोटीला हाक मारायचे, २०१३ मध्ये थांबेपर्यंत, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ते आधी विचारायचे: तू कुठे आहेस, वारा किती, दिशा कोणती, दाब काय? त्यानंतर अंदाज सांगायचे. शेजारच्या बोटीने दिलेला आकडा पुढच्या बोटीच्या अंदाजात जायचा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं आली आहेत. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्ट मॉडेलचा शोधनिबंध आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ईसीएमडब्ल्यूएफने स्वतःचं एआयएफएस हे तसंच मॉडेल नियमित वापरात आणलं. वादळांच्या वाटा ती सुरेख सांगतात आणि मी ती उत्सुकतेने बघते. पण यांतल्या बऱ्याच मॉडेलांना सरासरी चूक कमीत कमी व्हावी असं शिकवलेलं असतं, त्यामुळे पुढच्या दिवसांत त्यांची चित्रं गुळगुळीत होत जातात, टोकं झिजतात. वारा नेमका टोकाचा असतो तिथे.

त्यामुळे निघण्याचा दिवस ठरवताना माझा क्रम असा असतो. आठवडाभर आधीपासून रोज एकाच वेळी तोच पट्टा उतरवायचा आणि कालच्या फाइलशेजारी ठेवायचा. एकाच दिवसाबद्दल मॉडेल रोज मत बदलत असेल तर ते निघण्याचं हवामान नव्हे. परतीचं विमान, संपणारी रजा, बंदराचं भाडं, यांतलं काहीही कुणी कारण म्हणून सांगू लागलं की मी नकाशा बंद करते आणि ते बोलणं आधी संपवते. मग मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वारा २० टक्के चढवून तीच वाट पुन्हा काढायची, कारण ते सर्वांत जलद वाट शोधतं, बोटीला आणि माणसांना सोसेल अशी नव्हे. शेवटी ५१ अंदाजांतले सर्वांत वाईट तीन-चार निवडून त्या प्रत्येकावर वाट चालवून बघायची. त्यांतही बोट कमी दाबाच्या सौम्य बाजूला राहत असेल आणि मध्ये कुठेतरी वळून आडोसा गाठायला एखादं बंदर असेल, तर मी दोर सोडायला तयार असते. नसेल तर मॉडेलचा पुढचा नवा अंदाज सहा तासांनी येतो, तोवर जेवून घ्यायचं.